हात ढिला सोड

मंगळवारी आणि शुक्रवारी
पहिल्या एसटीनं दर्यापूरला येते हुरमतबी मनियार.
पिशवीत चादर, डबा,
आणि अर्ध्या लिटरची बाटली,
जिच्यात तिचा अख्खा दिवस मावतो.

चपला काढून काट्यावर उभी राहते.
दोन किलो आठशे जास्त.
मी काही बोलायच्या आत म्हणते,
'लग्नघर होतं वो. सरबताले नाही म्हणता येते काय?'

साबणानं डावा हात धुऊन ती समोर धरते.
मी कोपराखाली तळवा ठेवते.
अमरावतीच्या डॉक्टरनं तिथं धमनी शिरेला जोडली, त्याला तीन वर्षं झाली.
तेव्हापासून कातडीखाली काहीतरी चालूच आहे :
आमच्या गावच्या गिरणीचा पट्टा फिरायचा
आणि बाहेर ओट्यावर बसलेल्याला बुडाखाली कळायचा,
तसं.
'हाये?'
'आहे.'
'मंग टोच.'

या हाताला बीपीचा पट्टा नाही.
हा हात उशाला घ्यायचा नाही.
कळशी नाही, बांगडी नाही.
शेवटचं सांगताना जीभ अडखळली होती माझी,
कारण चाळीस वर्षं हिनं
आठवडी बाजारात पोतं अंथरून
तीन गावांची मनगटं भरली.

दोन सुया, सोळा नंबरच्या.
खालची रक्त नेणारी, वरची परत आणणारी.
मागच्या खपलीपासून दोन बोटं सरकून,
कारण एकाच जागी टोचत राहिलं की शीर फुगते,
आळशी नर्सची सही राहते हातावर.

पहिल्याच महिन्यात माझी सुई शिरेच्या पार गेली.
बघता बघता लिंबाएवढं टेंगूळ,
मग संत्र्याएवढं.
मी बर्फ धरून रडकुंडीला.
ती पंख्याकडं पाहत होती.
'मह्या हातानं किती बायांचे हात कापले, पोरी.
एका नवरीचं तं रगत हळदीत गेलं.
हाताकडे नाही पाहाव.
बाईकडे पाहाव.
तिचा श्वास सुटला का बांगडी सरकते.'
मग उजव्या हातानं माझा पंजा धरला,
अंगठ्याखालचं हाड दाबून म्हणाली,
'हात ढिला सोड.'
माझी पाची बोटं तिच्या मुठीत
कळीसारखी मिटली.
दुखलं नाही.

आता मी सुई तिरपी धरते
आणि पाहते तिच्या गळ्याच्या खळगीकडं.
खळगी खाली बसते.
सुई आत.
नळीत लाल उसळी.
मशीन आपलं काम सुरू करतं,
चार तास,
ज्यात ती झोपते, भांडते,
पलीकडच्या खाटेवरच्या वानखडे गुरुजींना
सुनेचं मोजमाप विचारते.

सुया काढल्यावर दोन बोटांनी दाबून धरायचं.
इतकं, की रक्त थांबावं.
इतकं नाही, की गिरणी थांबावी.
हे कोणत्या पुस्तकात लिहिता येत नाही.
दहा मिनिटं आम्ही दोघी अशा,
आणि ती माझ्या मनगटाकडं बघत असते.
'सव्वादोन,' म्हणते. 'हाडं बारीक हायेत तुही.'
'ड्युटीवर चालत नाही, मावशी.'
'मले तरी कुठं चालते?'

दोघींची मिळून तीन मनगटं मोकळी.
चौथ्यात हिरव्या काचेच्या सहा,
वाजताहेत, कारण ती हसते आहे,
आणि मला बोटं हलवता येत नाहीत
अजून चार मिनिटं.