कलम सात

व्हिसावर शिक्का : प्रशिक्षण, अठरा महिने.
कायद्यात 'शांतता' हा शब्द
कलम सातात एकदाच येतो, तोही कंसात.

कुगन जाफन्याचा, प्रियंथा गालचा.
बेतीच्या गोदीत महिनाभर दोघे माझ्यामार्फत बोलले,
माझ्या मोडक्या इंग्रजीतून :
त्याला सांगा, पटाशी माझी आहे.

मग फणसाची फळी वाफेवर धरली.
ती एकट्याला वाकत नाही,
आणि पलीकडचं टोक कोणाच्या हातात
हे तिला ठाऊक नसतं.
हात पोळला तसा कुगन ओरडला, थेट.
कुठल्या भाषेत, मला कळलं नाही.
प्रियंथानं टोक सोडलं नाही.

काल पणजीला मुदतवाढीचा अर्ज.
'काय शिकलात?' रकाना बोटभर.
दोघांनी लिहिलं : होडी.
साहेब म्हणाले, एवढंच?
धक्क्याला फेरीबोट लागली होती.
निघालो.