खुर्द आणि बुद्रुक

पटसंख्या कमी म्हणून खुर्दची शाळा
बुद्रुकला जोडली. आदेश एका ओळीचा.
नाला ओलांडून अकरा पोरं आली
आणि खिडकीकडच्या भिंतीला चिकटून बसली.

आज फळ्यावर मी राजा नार्मेर काढला.
पाटीच्या एका बाजूला एक मुकुट, दुसऱ्या बाजूला दुसरा.
नाईल नकाशात खालून वर वाहते म्हटल्यावर
बुद्रुकवाले हसले,
आपली वैनगंगा नाही बा अशी उलटी.

उगारलेली गदा, मुठीत धरलेले केस,
गुडघ्यावर आलेला माणूस.
"हा खुर्दचा," मागून कोणीतरी.
मी डस्टर आपटलं नाही.

लोमेश दोनाडकर, खुर्दच्या कोतवालाचा नातू,
राजामागच्या बुटक्या चित्राकडे बोट दाखवतो.
"मॅडम, चपला धरून हा कोन व्हय?"
सेवक.
"मंग राजा अनवाणी हाये?"
हो, अनवाणीच.
"मंग चपला कायले धरल्या?"

मी पाटीची दुसरी बाजू काढायला घेते.
लांब मानेची दोन जनावरं, गळ्यात गळा,
मधे वाटीएवढा खोलगट गोल.
इथं काजळ घोटायचं, मी सांगते.
"येवढ्या मारामारीत काजळ?"
टिकेश्वरीला हे मुळीच पटत नाही.

खिचडीच्या सुटीत लोमेशच्या चपला
नाल्यात वाहून गेल्या की कोणी टाकल्या,
दोन्हीकडची पोरं वेगवेगळं सांगतात.
एक टिकेश्वरीने आणली, चिखलासकट.
दुसरीसाठी चौघं अजून पाण्यात आहेत, कमरेइतक्या.
मी काठावरून ओरडते, या बाहेर,
पण कोणाला नावानं हाक मारावी
ते इथून ओळखू येत नाही.