हात न लावता

हिल्का म्हणते, डोळे मीट.
मिटतो.
उघडतो तेव्हा टेबलावर तोच क्लोरोफॉर्म,
लाकडी गोळे, तीन हिरवे.
फिरवला? की नुसतीच खोकली?
सांगता येत नाही.
"म्हणजे सममिती," ती म्हणते,
"आणि मी खोकलेच. हात नाही लावला.
तेही गटात धरायचं. पहिलंच."

ओउलूत दुपारी तीनलाच अंधार.
वर्णपटाच्या कागदावर एक दरी:
दोन कंपनं, एकाच ऊर्जेची, एकमेकांत लपलेली.
एक हिरवा उपसून ती तपकिरी ब्रोमीन खोचते,
तशाच रेणूची कुपी यंत्रात ठेवते.
नवा कागद. दरी दुभंगलेली.

कागद गुंडाळताना, माझ्याकडे न बघता:
जुळी बहीण गेली त्या हिवाळ्यात
गाव पहिल्यांदाच न चुकता म्हणालं,
ही हिल्का.