दादारावसाठी माती

नऊ वर्षं आम्ही तिला दादाराव म्हणत होतो.
डॉक्टर मेश्रामबाईंनी जरा तिरपं धरून
पोटाखालून बोट फिरवलं. सपाट. शेपूट आखूड.
मग एक्स-रे धरला खिडकीच्या उजेडात.
एकोणीस अंडी,
एखाद्या पोराच्या खिशात गोट्या असाव्यात तशी.

"माती मिळाली नाही तर ही धरून ठेवील,"
त्या म्हणाल्या. "आतल्या आत. मग अवघड होतं."

मानेवाड्याच्या आमच्या आवारात माती नाही.
चिखल नको म्हणून सोळा साली
मीच बसवून घेतले पेव्हर ब्लॉक.
खाली मुरूम, वर गिट्टीचा चुरा,
पाणी मारून, यंत्र फिरवून.
नोकरीच तशी. बांधकाम खात्याची माती प्रयोगशाळा.
एकतीस वर्षं साच्यात माती भरली,
थराला पंचवीस ठोके हाणले
आणि वहीत लिहिलं : पुरेशी घट्ट.

दादाराव दुपारभर ब्लॉकवर मागचे पाय घासायचा,
घासायची.
कूलरच्या स्टँडमागं, फाटकापाशी, नळाखाली.
पाटीवर पेन्सिल ओढावी तसा आवाज.
चार दिवस पालकाच्या पानाला तोंड लावलं नाही.

ढबाल्यांकडून सब्बल आणली.
पहिला ब्लॉक निघेना.
काम चांगलंच केलं होतं मी.

दोन फूट खोल. चांगली खाटेएवढी जागा.
काळी माती नको. ती सुकली की तडकते,
भिजली की फुगते,
अंड्याचं कवच वगैरे ओळखत नाही.
कन्हानची रेती, चाळलेली पोयटा माती, निम्मी निम्मी,
आणि मुठीत दाबून पाहायची :
लाडू झाला पाहिजे,
टिचकी मारली की फुटला पाहिजे.
ही परीक्षा मला पाठ. फक्त आजवर
लाडू फुटला की मी नापास करायचो.

उतार दक्षिणेकडं. मार्गशीर्षातलं ऊन
तेवढंच येतं, अकरा ते तीन.
रात्री गारठा, म्हणून बांबूला पिवळा बल्ब.
सुगंधा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलेली.

"काहून, आणखी चाळता?"
"खडा राहिला तर ती सोडून देते खड्डा."
तिनं एक शेंग सोलली, दुसरी सोलली.
"मले कोनं इचारलं होतं, बाई, तुले जागा कशी पायजे?
सरकारी दवाखान्यात, दोन खाटांच्या मधात,
चटईवर झाली तुमची नीतू.
तुमी तवा कुठं होते?"

उमरेड रोडवर. तिसऱ्या थरावर.
मी घमेलं उचललं.

पहिल्या दिवशी तिनं उतार हुंगला आणि परत गेली.
दुसऱ्या दिवशी वीतभर उकरलं, सोडलं.
मी चाळणी घेऊन उठलो, तर सुगंधा म्हणाली,
"बसा ना बापा. पाहून राहिले तर कोनाचं होते?"

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं कूलरमागं,
लपल्यासारखे. साठी ओलांडलेली माणसं.
दादारावनं स्वतःचं पाणी सोडून माती मऊ केली.
एक पाय, मग दुसरा पाय,
मागं वळून न बघता.
मग एकेक अंडं, आणि प्रत्येकाला
तोच पाय, नांगरासारखा जाड,
खाली अलगद सरकवून देणारा.
सुगंधानं माझं मनगट धरलं होतं.
सतराव्याला सोडलं. का, ते विचारलं नाही.

एकोणीस झाल्यावर तिनं माती ओढली,
आणि मग दाबायला लागली.
पायांनी, मग पोटाच्या सपाट पाटानं.
उठायची, टेकायची. उठायची, टेकायची.
मी ठोके मोजायला लागलो,
सवयीनं. पंचविसाच्या पुढं गेली.
चाळिसाच्या पुढं. मग मोजणं राहून गेलं.

सकाळी डॉक्टरबाई येणार म्हणून मी पाहायला गेलो
तर उतार जसाच्या तसा.
खूण नाही, फुगवटा नाही, एक भेग नाही.
एकतीस वर्षांचा माणूस मी,
दोनदा वाकलो, बोटानं चाचपलं,
खड्डा नेमका कुठं, मला सांगता येईना.

सुगंधा चहा हातात घेऊन आली,
चपलेच्या टोकानं रिकामं टोपलं सरकवलं
आणि उपडं घातलं.
"हे इथं," म्हणाली. "पाय नका देऊ."