बाद माल

याब्लोनेत्सच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी बुडबुडे शोधले.
उत्तरेची खिडकी, पांढरं टेबल,
पुढ्यात दाबकाचेच्या खड्यांचा ढीग,
चिमट्यानं एकेक उचलायचा, उजेडात धरायचा;
पोटात हवेचा ठिपका दिसला
की डाव्या डब्यात.
डावा डबा म्हणजे बाद.

बुडबुड्याला भिंग लागत नाही, सवय लागते.
तो गोल असतो, सुईच्या टोकाएवढा.
काच ओढली गेली असेल तर लांबट, जवाच्या दाण्यासारखा.
कधी तिघं-चौघं एका रांगेत,
शाळा सुटल्यासारखे.

धाकटी द्राहोमीरा तुर्नोवला, खऱ्या खड्यांत.
तामडे पारखते,
डाळिंबाच्या दाण्यासारखे, आमच्याच मातीतले.
तिच्याकडे उलटा न्याय.
आत सुया दिसल्या, धुरकट पापुद्रा दिसला
की स्वारी खूश.
"फार स्वच्छ खड्यावर माझा विश्वास बसत नाही,"
विद्यार्थिनी होती तेव्हापासून हे वाक्य
दर रविवारी, सूप फुंकता फुंकता.
आई ऐकायची
आणि तिच्या ताटलीत आणखी एक क्नेदलीक वाढायची.
मला विचारायची नाही.
काचेबद्दल काय विचारायचं?

आईचा एक ब्रोच होता.
सदतीस तामडे, मधले सात मोठे.
फक्त चर्चला, फक्त काळ्या कोटावर,
आणि घरी आलं की लगेच कपाटात.
द्राहा म्हणायची, दाखव ना एकदा भिंगाखाली.
आई म्हणायची, हात धू आधी,
आणि मग दुसरंच काही बोलायची.

मार्चमध्ये आई गेली.
एप्रिलमध्ये आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो.
ब्रोच काही वाटून घेता येत नाही,
निदान किंमत तरी करू.
द्राहानं भिंग डोळ्याला लावलं.
कडेचे तीस तिनं भराभर मोजले.
मग मध्यावर आली
आणि थांबली.
ब्रोच ओठांना लावून पाहिला:
दगड गार राहतो,
काच लगेच माणसाळते.
काही न बोलता माझ्यापुढे सरकवला.

मी भिंग घेतलं नाही.
गोल. सुईच्या टोकाएवढा.
शेजारच्या खड्यात दोन, त्याच्या खाली एक लांबट.
आणि प्रत्येकाच्या कडेला तोच बारीक ओरखडा,
आमच्या चौदा नंबरच्या साच्याचा,
जो तीन वर्षं कुणी बदलला नाही.
हे खडे मी ओळखत होते.
मीच बाद केले होते,
अॅप्रनच्या खिशातून मीच घरी आणले होते,
ख्रिसमसच्या झाडाला लावायला म्हणून,
चांगल्या खड्यांच्या मुठीबरोबर.

"कोणती वर्षं?" द्राहानं विचारलं.
मी सांगितली.
ती तिची तुर्नोवची वर्षं. वसतिगृह,
लोकरीचा ओव्हरकोट,
आणि पहिल्या हिवाळ्यात
जर्मन बनावटीचं, दहापट मोठं दाखवणारं,
पितळी झाकणाचं
ते.
तिच्या हातात होतं.
तिनं झाकण मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं.

बराच वेळ नळ ठिबकत राहिला.

"पण स्वच्छ काचही होती ना घरात?" ती म्हणाली.
"मुठी मुठी."
"मग तिनं नेमके हेच का बसवून घेतले?
तिला दिसत नव्हतं का?"

दिसत होतं.
साठाव्या वर्षीही ती चष्म्याशिवाय सुई ओवायची.
मी तिच्या जागी बसून पाहिलं:
टेबलावर दोन वाट्या,
एकीत चांगले, एकीत बाद,
आणि कानात रविवारचं ते वाक्य.
तिनं खडे उजेडात धरले असणार,
अगदी माझ्यासारखे,
आणि ज्यांच्या आत काहीतरी आहे
तेवढेच निवडले असणार.
धाकटीनं कधी पाहिलंच
तर तिचा विश्वास बसावा म्हणून.

हे मी द्राहाला सांगितलं नाही.
ब्रोच तिनं नेला.
किंमत लिहायचा कागद
अजून माझ्याकडे आहे,
सदतीस ओळी आखलेला,
तिसाव्या ओळीपर्यंत भरलेला.