सूट

तीन नंबरची ट्राम डेपोतून निघते तेव्हा
दौगावपिल्समध्ये अजून अंधारच असतो.
झिनाइदा पेत्रोव्ना हातमोजे काढते,
आधी ब्रेकला हात लावते, मग कपाळाला.
बत्तीस वर्षं हेच.

तिच्या पासपोर्टाचं कव्हर जांभळं.
आत छापलंय : ना-नागरिक.
परदेशी नाही, बिनदेशीही म्हणत नाहीत,
नुसता एक 'ना',
ट्रामच्या दारात अडकलेल्या कोटाच्या टोकासारखा,
आत ओढता येत नाही, सोडून देता येत नाही.
जन्म इथलाच, इंजिन-कारखान्यामागच्या प्रसूतिगृहातला.
एका हिवाळ्यात देश बदलला.
पत्ता तोच राहिला, पोस्टमनसुद्धा तोच.

आमच्या भाषेत नगर म्हणजे पिल्सेता,
आणि त्यावरूनच नागरिक, पिल्सोनिस.
नगर तर ती रोज सहा फेऱ्यांत फिरवून आणते :
तुरुंगाची भिंत, चार पंथांच्या चर्चांची टेकडी,
बाजार, शाळा, शेवटी स्त्रोपी तळं.
कुठल्या वळणावर रूळ कण्हतो
हे महापौरालाही ठाऊक नाही.

मी डेपोत तारा जोडतो. माझं नाव गुंतिस.
जन्मतः नागरिक. त्यासाठी काहीच केलं नाही,
डोळ्यांचा रंग मिळतो तसं मिळालं.

गेल्या वर्षी ती म्हणाली, मला लिहायला शिकव,
परीक्षा द्यायचीय.
मी म्हटलं, तू सदुसष्टची, पासष्टीनंतर लेखी माफ आहे.
फक्त बोलायचं, राष्ट्रगीत, थोडा इतिहास.
चहाच्या पेल्यातून चमचा काढून तिनं बशीत ठेवला.
"आयुष्यभर सूटच दिलीत रे मला.
मत देण्यातून सूट. उभं राहण्यातून सूट.
तक्रार केली तर कोण विचारतंय, त्यातूनही.
आता ही एक सूट नको."

मग दुपारच्या सुट्टीत शुद्धलेखन.
तिची अक्षरं गोल, पण दीर्घाची आडवी रेघ विसरते.
'वेलेशनास' लिही, निवडणूक.
दोन रेघा हव्यात. तिनं एकही दिली नाही.
मी लाल पेन उचललं आणि मला शनिवार आठवला.

मागच्या निवडणुकीचा शनिवार.
मी गळ, डबा, आमिषाची बाटली घेऊन
तिच्याच ट्राममध्ये चढलो होतो.
शाळेच्या थांब्यावर अर्धी ट्राम उतरली.
ठेवणीतल्या टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या,
बापाच्या खांद्यावर एक झोपलेलं पोर.
तिनं दार नेहमीपेक्षा जास्त वेळ उघडं ठेवलं.
आरशातून माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, "तळ्यावर जातोय, पाईक चावतायत."
ती काही बोलली नाही. घंटी वाजवली.
त्या दिवशी तीन मासे मिळाले,
एक तर हातभर लांब होता.
ही गोष्ट मी डेपोत किती वेळा सांगितली असेल!

दोन्ही रेघा मी हळूच दिल्या.
लाल नाही, तिच्याच निळ्या शाईनं.

परीक्षा झाली. निकाल यायचाय.
काल शेवटच्या फेरीनंतर, दिवे मालवता मालवता,
तिनं विचारलं,
"आत काय असतं रे? पडद्यामागे?"
म्हटलं, एक टेबल. एक पेन, दोरीनं बांधलेलं.
"कागद केवढा?"
मी हातांनी दाखवला.
"आणि खिडकी असते?"
मी म्हटलं, असते.
तिला बरं वाटलं.

खरं सांगू, मला आठवत नाही.
हात तसेच हवेत राहिले होते,
त्या माशाची लांबी दाखवतात तसे.