नऊ चौकोन

जानेवारीभर हिनेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून
तीन नकाशे पारखत होता,
लग्नाळू मुलासारखा : हिचं नाक बरं, तिचा पगार.
यंत्र तळहाताएवढं, टोचायला काडीएवढं पेन.
तीस दिवस चकटफू, पुढे पैसे मोजा.

पहिला देखणा.
डोंगरांना सावल्या, ओढ्यांना निळाई,
झाडांवर रंगवलेल्या खुणा जशाच्या तशा,
लाल वाट, पिवळी वाट.
पण दरवर्षी वर्गणी,
आणि शुमावाच्या रानात रेंज गेली
की नुसती राखाडी जाळी.

दुसरा लोकांनी मिळून काढलेला, फुकट.
फुकटच्याला नावं ठेवू नयेत,
पण त्यातली एक पाऊलवाट आम्ही चाललो
ती थेट दलदलीत उतरली.
हरणांची असावी.
हिनेकचा डावा बूट अजून तिथेच आहे.

तिसरा कुरूप.
जुने कागद स्वतः स्कॅन करा,
चार कोपऱ्यांना चार आकडे टोचून बसवा,
एक आकडा चुकला की अख्खं गाव नदीपलीकडे.
बॅटरी चार तासांत खलास.
हा कोण घेईल, मी म्हणाले,
आणि सूप वाढलं.

मग ती डबी आली.
रानात कुणीतरी लपवायची, कुणीतरी शोधायची,
उपग्रह फक्त बोट दाखवतो,
वाकायचं आपणच.
ही सीमेकडची. सूचना एवढीच :
तिसऱ्या सफरचंदाखाली.
स्प्रूसच्या रानात सफरचंद?
पहिल्या नकाशात तिथे हिरवं.
दुसऱ्यात हिरवं, आणि एक बाक.
तिसऱ्यात नऊ काळे चौकोन,
एक क्रॉस,
आणि एक जर्मन नाव, मधल्या अक्षराच्या डोक्यावर दोन टिंबं.

शेजारचे ओताकार अंडी द्यायला आले होते.
चष्मा कपाळावर सारून
त्यांनी पडदा नाकाशी धरला,
अंड्यांची टोपली दुसऱ्या हातात तशीच.
बऱ्याच वेळाने म्हणाले, मीही येतो.

एप्रिलात गेलो. बर्फ सावलीपुरतं उरलेलं.
यंत्र म्हणालं चार मीटर. मग अकरा. मग पुन्हा चार.
झाडांखाली त्याची ही नेहमीची कुरकुर.
सफरचंदं खरंच होती, रानटी झालेली,
पण एका रांगेत.
रान कधी रांगेत उगवत नाही.
हिनेक मुळांशी हात घालून चाचपत होता.
मी दोन पावलं डावीकडे सरकले.
"तिथे नको," ओताकार म्हणाले, "तिथे आड आहे."
कुठल्याच नकाशात आड नव्हता.
पाल्यात काठी घातली.
काठी गेली.

मग आम्ही न विचारताच :
विसावं वर्ष. शिपाई. सीमेवरची नोकरी.
सुरुंगाच्या पेट्या वाहायचं काम.
घरं रिकामीच होती. हे ते दोनदा म्हणाले.
आधी शाळा, मग बाकीची.
आडाला कशाला सुरुंग, म्हणून वर फळ्या टाकल्या.
मीच टाकल्या.

डबी हिनेकला सापडली, तिसऱ्या नाही, चौथ्या झाडाखाली,
किंवा मधलं एखादं झाड मेलं असेल.
आत एक बटण, गोगलगायीचा शंख,
वही, बोटाच्या पेराएवढी पेन्सिल.
रीत अशी की नाव लिहायचं,
काही घेतलं तर काही ठेवायचं.
ओताकारांनी पेन्सिल उचलली, टोक बघितलं,
परत ठेवली.

आडाची खूण हिनेकने यंत्रात टोचली.
यंत्राने नाव विचारलं.
काडी हवेत थांबली,
मग यंत्राने सुचवलेला आकडाच त्याने राहू दिला :
शून्य चार सात.

सोमवारी पैसे भरले. तिसऱ्याचे.
मी आठ जादा सेल आणले, काही बोलले नाही.

पुढच्या रविवारी ओताकार
आमच्याआधी फाटकाशी उभे,
खांद्यावर तीन नव्या फळ्या.
मोटारीत मावेनात.
तिरक्या घातल्या,
मागची काच उघडी ठेवून.